ताप आला त्याच दिवशी

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, माडिया आदिवासींच्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून गावातल्याच एका कुटुंबाकडे खोली घेऊन माझ्या चार वर्षांच्या मुलासह राहते. पती नोकरीनिमित्त नागपूरला असतात. श्रावणात घरमालकांच्या पाच वर्षांच्या नातवाला थंडी वाजून ताप आला. पहिल्या दिवशी पुजाऱ्याला बोलावले. दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून गावोगाव फिरणाऱ्या एका ‘डॉक्टर’ने सुई दिली. ताप उतरला, सर्वांना हायसे वाटले. चौथ्या दिवशी पहाटे मुलाला झटके आले. त्याला खाटेवर घालून नाल्यापलीकडे नेले आणि तेथून गाडीने ग्रामीण रुग्णालयात. मुलगा वाचला, पण मी शेजारच्या खोलीत असूनही चार दिवस गप्प राहिले, ही बोच जात नाही. आता त्याच घरातील धाकटी सून पाच महिन्यांची गरोदर आहे. घराला तीन मच्छरदाण्या मिळाल्या होत्या. त्यातली एक नवी कोरी पेटीत आहे, एक मासे धरायला जाते आणि तिसरीत आजोबा झोपतात. खरे सांगायचे तर मीही फार वेगळी वागले नाही. मागच्या महिन्यात मला व्हायवॅक्स जातीचा हिवताप (मलेरिया) निघाला, आशाताईंनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, आणि पोटात जळजळ होते म्हणून मी त्या सहाव्या दिवशी थांबवल्या. या घराला मी काय सांगावे, कसे सांगावे, आणि माझ्या मुलासाठी काय करावे?
– एक शिक्षिका, एटापल्ली तालुका

उत्तर : ताई,

ज्या माणसांनी पावसाळ्यात, पहाटेच्या अंधारात, लेकराला खाटेवर घालून नाला ओलांडला, त्यांना त्याच्या जिवाची पर्वा नव्हती असे कोणीही म्हणू शकणार नाही. त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात येथूनच करा, कारण ते खरे आहे आणि त्यांनाही ते ऐकण्याची गरज असेल. त्या घरात माया भरपूर होती. ताप आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचे, याची रीत मात्र ठरलेली नव्हती. ती रीत बसवण्याच्या कामात आपला हातभार लागू शकतो, आणि तसे झाले तर मनातली बोच आपोआप कामाला लागेल.

ते चार दिवस नेमके कसे गेले, हे आधी समजून घेऊ. हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरतो, तिथे वाढतो आणि साधारण अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. बाहेर पडलेले जंतू नव्या पेशींत शिरतात आणि प्रत्येक फेरीत त्यांची संख्या कैक पटींनी वाढते. त्यामुळे हा ताप एकसारखा राहत नाही. हुडहुडी भरते, अंग भाजून निघते, मग दरदरून घाम सुटतो आणि मघापर्यंत गोधडीत कण्हत पडलेले लेकरू उठून पेज मागते. घाम सुटण्याआधी ज्याने जे काही केलेले असेल त्याच्या पदरात या उताराचे श्रेय पडते. पुजाऱ्याने मंत्र टाकला असेल तर मंत्राला, सुई टोचली असेल तर सुईला. त्या फिरत्या माणसाने बहुधा ताप उतरवणारे औषध दिले असेल. समजा हिवतापावरचे एखादे इंजेक्शन दिले असेल, तरी एका सुईने रक्तातले सगळे जंतू मरत नाहीत. ताप उतरलेला दिसतो आणि आत वाढ चालूच राहते. गडचिरोलीत फॅल्सिपेरम या जातीचा हिवताप मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि या जातीचा जंतू शिरलेल्या पेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून रक्ताची वाट अडवू शकतात. चौथ्या दिवशीच्या पहाटेचे झटके त्यातूनच आले असावेत.

म्हणजे त्या कुटुंबाने डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवला. उपाय केला आणि ताप उतरला, असा त्यांचा अनुभव आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. ‘तुमचे सगळे खोटे’ असे सांगून हा अनुभव पुसता येत नाही. मी हे अनुभवानेच सांगतो.

पूर्व विदर्भातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी काही वर्षे काम करत होतो. एके दिवशी एक वडील आपल्या सात-आठ वर्षांच्या मुलीला तापाच्या तिसऱ्या दिवशी घेऊन आले. मुलीच्या गळ्यात मंतरलेला दोरा होता, कपाळावर राख होती. ओसरीत वीस-पंचवीस रुग्ण बसलेले असताना मी त्या गृहस्थांना मोठ्या आवाजात सुनावले, दोरा दाखवून सुनावले. मुलगी बरी होऊन घरी गेली. दोन महिन्यांनी त्यांच्या धाकट्या मुलाला ताप आला, तेव्हा मात्र ते आले नाहीत. आले ते मुलगा बेशुद्ध झाल्यावर, आणि त्याला आम्ही वाचवू शकलो नाही. नंतर दुभाष्याकरवी मी विचारले की आधी का नाही आणले. ते म्हणाले, ‘पुजारी झाला की तुम्ही रागावता. म्हणून म्हटले, ताप उतरला तर कशाला यायचे.’ त्या दिवसानंतर मी कोणाच्याही गळ्यातल्या दोऱ्याविषयी एक शब्द काढलेला नाही.

आपणही पुजाऱ्याच्या विरोधात उभ्या राहू नका. पूजा व्हायची ती होऊ दे, कोंबडे द्यायचे ते देऊ देत. पण रक्ताचा थेंब ताप आला त्याच दिवशी, आणि शक्य तर पूजेआधी, काढला जावा, एवढाच आग्रह धरा. तपासणीला पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि पूजेला रात्र. दोन्हींचा वेळ एकमेकांच्या आड येत नाही. धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आदिवासींसाठी दवाखाना उभारला, तेव्हा तो गावासारख्या कुट्यांचा केला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. देवी आणि दवा यांत एकाचीच निवड करा, असे त्यांनी लोकांना सांगितले नाही. मेळघाटातही भूमकांना, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंना, आरोग्य यंत्रणेशी जोडून घेण्याचा प्रयत्न झाला आहे. आपल्या गावचा पुजारी हा त्याच मातीतला, त्याच डासांत झोपणारा माणूस आहे. त्याच्याही घरी नातवंडे तापतात. आशाताईंना सोबत घेऊन एकदा त्याच्याकडे जाऊन बसा. ‘तुमच्याकडे तापाचे लेकरू आले की आमच्याकडे निरोप धाडा, तुमची पूजा झाली तरी चालेल,’ असे त्याला मानाने सांगितले, तर गावातल्या तापाची पहिली बातमी त्याच्याकडूनच कळू लागेल. ताप आला की घरे आधी त्याचेच दार ठोठावतात, हे लक्षात घ्या.

घरात हा विषय कोणाजवळ काढायचा, हेही महत्त्वाचे आहे. तरुण आई-बापांना एकटे गाठून समजावले, त्यांना पटले, आणि रात्री आजीने ‘उद्या बघू’ म्हटले की सारे तिथेच थांबले, असे मी फार वेळा पाहिले आहे. त्या घरात आजारपणाचा निर्णय कोण घेते, ते आपल्याला दोन वर्षांत कळलेच असेल. त्या व्यक्तीजवळ बसा, आणि घरात कोणी आजारी नसेल असा दिवस निवडा. शक्यतो माडियातून बोला. आपल्याला येत नसेल तर चौथीतली एखादी मुलगी दुभाषी म्हणून मोठ्या आनंदाने येईल. ‘नातवाला ताप आला त्याच दिवशी बोटातून थेंब घेतला असता, तर खाट उचलावी लागली नसती,’ हे एक वाक्य पोहोचले तरी पुष्कळ झाले. पुढे ताप आल्यावर आशाताईंकडे कोण जाईल, त्या गावात नसतील तर उपकेंद्रावर कोण जाईल, आणि रात्र असेल तर कोणाची मोटारसायकल मागायची, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवून घ्या. माणूस तापाने फणफणत असताना कोणालाही नवे काही सुचत नाही; आधी ठरलेले असेल तेच घडते.

तपासणीविषयी गावात बरेच गैरसमज असतात, म्हणून ती मुलांना शाळेत प्रत्यक्ष दाखवा. आशाताई अनामिकेच्या टोकाला बारीक टोचतात, एक थेंब किटच्या खाचेत सोडतात, वरून पातळ औषधाचे थेंब टाकतात, आणि मग सगळे त्या पांढऱ्या पट्टीकडे पाहत बसतात. एक रेघ नेहमी उमटते. ती किट चांगले असल्याची खूण असते. तिच्या जोडीला आणखी एखादी रेघ उमटली तर हिवताप आहे, आणि ती कोणत्या जागी उमटली यावरून जात कळते. त्या पंधरा-वीस मिनिटांत आशाताईंना इतर काम न काढता तिथेच बसू द्या, कारण ठरल्या वेळेच्या फार आधी किंवा फार उशिरा वाचलेली पट्टी फसवू शकते. सोबत काचपट्टीवर रक्तनमुना घेतला असेल तर तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो, पण त्याचा निकाल यायला वेळ लागतो. किटवर काही निघाले नाही आणि ताप मात्र राहिला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी करून घ्यावी. एकदा ‘नाही’ आले म्हणून निर्धास्त होऊ नये. उलट बाजूही सांगतो. फॅल्सिपेरम बरा झाल्यानंतरही काही आठवडे किटवर रेघ उमटत राहू शकते. अशा वेळी नुसत्या किटवर विसंबून पुन्हा औषध सुरू न करता काचपट्टी तपासून घ्यावी.

गावातल्या थोरांना पुष्कळदा ताप न येताही रक्तात थोडे जंतू असतात, कारण वारंवार लागण होऊन त्यांच्या शरीराला त्याची काहीशी सवय झालेली असते. ‘आम्हाला काही होत नाही, लेकरांनाच कसे होते’ हा आजोबांचा प्रश्न म्हणून बिनबुडाचा नसतो. लहान मुलांच्या अंगी ती शक्ती आलेली नसते. आपल्या मुलाच्या अंगीही ती नाही, आणि बाहेरून आलेल्या आपल्यासारख्या मोठ्या माणसांच्या अंगीही नाही. त्यामुळे शेजारचे आजोबा दोन दिवस तापात शेतावर जाऊन आले, म्हणून आपण तसे करू नये.

आता औषध. फॅल्सिपेरमसाठी तीन दिवसांचे मिश्र औषध असते आणि त्याची पाकिटे वयोगटानुसार निरनिराळ्या रंगांची येतात. पहिल्या दिवसाच्या गोळ्यांनी ताप उतरतो आणि उरलेले पाकीट पुढच्या तापासाठी, किंवा दुसऱ्या लेकरासाठी, छपराच्या वाशात खोचून ठेवले जाते. घरात औषध फार नसते तिथे औषध जपणे हा काटकसरीचा संस्कार आहे, हे मला कळते. पण अर्धवट औषधाने जंतू पुरते मरत नाहीत आणि ताप पुन्हा उलटतो. मोठ्यांसाठीचे उरलेले पाकीट लेकराला देणे तर आणखी धोक्याचे, कारण मात्रा वयावर आणि वजनावर ठरते. तिन्ही दिवसांची मात्रा कोणाच्या तरी डोळ्यांसमोर, काहीतरी खाल्ल्यावर घेतली जावी. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तीच मात्रा पुन्हा द्यावी लागते, आणि दुसऱ्यांदाही उलटली तर घरी थांबू नये. दुकानातून क्लोरोक्विन आणून देण्याची जुनी सवय काही घरांत अजून आहे. त्या गोळ्या व्हायवॅक्सवर चालतात, फॅल्सिपेरमवर त्यांचा भरवसा राहिलेला नाही, आणि तपासणीवाचून जात कळत नाही.

फॅल्सिपेरमच्या रुग्णाला प्रायमाक्विनची एक मात्रा वेगळी देतात. तिचे काम लोकांना सहसा सांगितले जात नाही, आणि म्हणूनच ती पुष्कळदा चुकवली जाते. त्या मात्रेने रुग्णाला स्वतःला फारसे काही जाणवत नाही. त्याच्या रक्तातले जे रूप डासाच्या पोटात जाऊन पुढे पसरते, त्या रूपाला ती मारते. म्हणजे ती गोळी शेजाऱ्यांसाठी असते. गावात हे मी जेव्हा जेव्हा नीट सांगितले, तेव्हा लोकांनी ती आनंदाने घेतली, कारण माडिया समाजात शेजाऱ्यासाठी काही करणे ही वेगळी शिकवावी लागणारी गोष्ट नाही. शिवाय फॅल्सिपेरमचे हे पसरणारे रूप रक्तात तयार व्हायला ताप सुरू झाल्यापासून साधारण आठ-दहा दिवस लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत उपचार झाला, तर त्या रुग्णाला चावणाऱ्या डासाला पुढे न्यायला फारसे काही मिळत नाही. एका घराने पहिल्या दिवशी थेंब दिला तर सबंध पाड्याचा फायदा होतो, तो असा.

आपण विचारले नसले तरी धोक्याच्या खुणा लिहितो, कारण गेल्या वेळी त्या ओळखायला कोणी नव्हते. झटके, गुंगी, बोलणे असंबद्ध होणे, लेकराने पाणी किंवा दूध न घेणे, घेतलेले सगळे उलटून पडणे, बसताही न येण्याइतका अशक्तपणा, धाप, डोळे पिवळे होणे, तळवे पांढरेफटक पडणे, लघवी काळसर किंवा फार कमी होणे, यांपैकी एकही दिसले तर गोळ्यांची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णाला मोठ्या दवाखान्यात हलवावे. तिथे शिरेतून आर्टेसुनेट या हिवतापावरच्या औषधाचे इंजेक्शन देता येते. ते इंजेक्शन आणि मोटारसायकलवरची सुई या दोन गोष्टी एक नव्हेत, हे गावाला स्पष्ट सांगा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जसे तुटते, तशी आपल्याकडची नाल्यांपलीकडची गावे पावसाळ्यात तुटतात. अशा दिवसांत तापाच्या लेकराला घेऊन अलीकडच्या काठावर बसून राहण्यापेक्षा, आभाळ भरलेले दिसताच आणि ताप साधा असतानाच पलीकडच्या गावातल्या नातेवाइकाकडे नेऊन ठेवणे शहाणपणाचे असते. हे जुनी माणसे करतच असत. त्याची आठवण फक्त द्यायची.

मच्छरदाण्यांकडे वळतो. पेटीतली नवी कोरी मच्छरदाणी बहुधा पाहुण्यांसाठी किंवा लेकीच्या लग्नासाठी ठेवलेली असेल. चांगली वस्तू जपून ठेवायची, ही सवय आपल्याही आई-आजीच्या ट्रंकेत होतीच. तिच्या धाग्यातले औषध साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीनेक वर्षे टिकते, आणि या मच्छरदाणीला टेकलेला डास मरतो, त्यामुळे ती लावलेल्या खोलीतल्या सगळ्यांनाच थोडाफार आधार होतो. पेटीत तिचा कोणालाच उपयोग नाही. एक दिवस सावलीत पसरून ठेवल्यानंतर ती वापरायला घ्यावी, साध्या साबणाने थंड पाण्यात हलकेच धुवावी आणि उन्हात वाळवू नये. मासे धरायला जाणाऱ्या मच्छरदाणीविषयी रागावू नका, पण तिच्यातले कीटकनाशक पाण्यात उतरते आणि मासळीची पिल्लेही मारते, हे त्या घरच्या मासे धरणाऱ्यालाच सांगा. ओढ्यातली मासळी कमी झालेली त्याने आपल्याआधी पाहिलेली असेल.

घरात कोणी कुठे झोपायचे, हे मच्छरदाणी वाटताना कोणी विचारत नाही. आजोबा एका दाणीत एकटे झोपतात आणि गरोदर सून व लेकरू उघड्यावर, अशी आपल्या पत्रातून दिसणारी स्थिती मी अनेक घरांत पाहिली आहे. ज्येष्ठांना पहिला मान देण्याच्या रीतीतून ती येते. साधारण दोन माणसांमागे एक दाणी हवी, आणि कमी असतील तर गरोदर बाई आणि पाच वर्षांखालची मुले आधी. हे आजोबांनाच सांगा. आपल्या जागेवरून नातवासाठी उठण्यात कमीपणा वाटेल, असे आजोबा मी पाहिलेले नाहीत. दाणी चटईखाली चारी बाजूंनी खोचावी लागते, आणि हात किंवा पाय जाळीला टेकला तर डास बाहेरूनही चावतो, म्हणून ती जरा ऐसपैस बांधावी. धान पिकू लागले की पुरुषमंडळी रानडुकरांपासून पीक राखायला शेतातल्या मचाणावर झोपतात, आणि उन्हाळ्यात मोह व तेंदूपानांच्या दिवसांत सारे घर पहाटेच रानात असते. घरात टांगलेल्या मच्छरदाणीचा या माणसांना काही उपयोग नाही. मासे धरायला जाणारी दाणी घडी करून मचाणावर न्यायची, असे ठरले तर ती अधिक कामी येईल.

डासांच्या पाण्याबाबत मी आपल्याला फार आशा दाखवणार नाही. शहरात टाकी झाका, कुंड्या रिकाम्या करा, असे सांगता येते. आपल्याकडचे हिवतापाचे डास, म्हणजे क्युलिसिफेसीज आणि फ्लुविॲटिलिस, गटारात वाढत नाहीत. त्यांना ओढ्याच्या कडेचे संथ स्वच्छ पाणी, धानाच्या बांधीतले पाणी, रस्त्यालगतचे खड्डे लागतात. जंगलातला ओढा कोणी बुजवू शकत नाही. हातपंपाजवळचे साचणारे पाणी वाहते करणे, घराजवळचे मुरमाचे खड्डे बुजवणे आणि बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, गप्पी मासे सोडणे हे जरूर करावे. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून हे काम आठवड्याला व्हावे. पण पाऊस संपला, आता डास गेले, असे समजून मच्छरदाणी गुंडाळण्याची घाई करू नये. ओढ्याकाठचा डास पावसानंतरही जोरात असतो.

भिंतींच्या फवारणीची एक गोष्ट मात्र पूर्णपणे घरच्यांच्या हातात आहे. फवारलेले औषध भिंतीवर राहते आणि चावून आल्यावर भिंतीवर विसावणाऱ्या डासाला मारते. त्याचा परिणाम साधारण अडीच-तीन महिने टिकावा अशी अपेक्षा असते. आपल्याकडे भिंत मातीने सारवणे, सणाला पांढरी करणे हे घरच्या लक्ष्मीचे काम समजले जाते, आणि फवारणीचे डाग दिसले की आठवड्यात घर पुन्हा स्वच्छ सारवलेले असते. औषध त्या मातीखाली जाते. फवारणीची तारीख आशाताईंकडून आधी विचारून घ्या आणि गावातल्या बायकांना सांगा की सारवण त्याआधी उरकून घ्यावे. झोपायची खोली आणि गोठा यांची फवारणी टाळू नये. देवघर आणि धान्याची कणगी झाकून ठेवली की फवारणीवाल्यांना आत घ्यायला घरचे फार अडवत नाहीत.

धाकट्या सुनेविषयी मला सर्वांत जास्त काळजी वाटते. गरोदरपणात हिवताप अधिक जोराने होतो, रक्त आणखी कमी करतो, आणि बाळ कमी वजनाचे किंवा वेळेआधी जन्मण्याचा, पोटातच जाण्याचा धोका असतो. तिला थोडी कणकण आली तरी त्याच दिवशी तपासणी व्हावी आणि औषध वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच ठरवावे. प्रायमाक्विन गरोदर बाईला आणि वर्षाखालील बाळाला देत नाहीत, म्हणून ‘घरात आहेत त्या गोळ्या’ तिला कोणी देऊ नयेत, हे सासूबाईंना स्पष्ट सांगून ठेवा. आपल्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. तिची तपासणी झाली नसेल तर गरोदरपणाच्या पुढच्या भेटीत करून घ्या, आणि झाली असेल तर ते कार्ड प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवा, कारण सिकलसेलच्या रुग्णाला हिवताप फार महागात पडतो.

आता आपले स्वतःचे. सहाव्या दिवशी गोळ्या थांबवल्यात, हे आपण न विचारता सांगितले, याबद्दल मनापासून आभार. व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा जागे होतात; चौदा दिवसांची प्रायमाक्विन त्यांच्यासाठीच असते. उरलेल्या गोळ्या आता आपल्या मनाने सुरू करू नका. आरोग्य केंद्रात जाऊन थांबवल्याचे सांगा, गरोदर नसल्याची खात्री करून घ्या आणि पुन्हा पूर्ण कोर्स कसा घ्यायचा ते विचारा. गोळी भरल्या पोटी घेतली की जळजळ बरीच कमी होते. लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, किंवा दम लागू लागला, तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावे. काही जणांच्या रक्तात एका द्रव्याची जन्मजात कमतरता असते आणि त्यांना हे औषध सोसत नाही. या वेळी चौदा दिवस आशाताईंसमोर गोळी घ्या, आणि ती घरमालकांच्या ओसरीवर, सर्वांच्या देखत घ्या. बाई चौदा दिवस न चुकता गोळी घेते, हे त्या घराने पाहिलेले असेल, तर पुढे त्यांच्या लेकराच्या गोळ्यांसाठी आपल्याला फार शब्द खर्चावे लागणार नाहीत.

मुलाला संध्याकाळी अंगभर कपडे घाला, दिवेलागणीनंतर शेकोटीजवळ खेळत असेल तर पायही झाकलेले असू द्या, आणि रात्री त्याला आपल्यासोबत मच्छरदाणीत घ्या. तापासाठी घरात पॅरासिटामॉल ठेवा, पण तपासणी झाल्याशिवाय नुसत्या त्यावर दिवस काढू नका. दिवाळीच्या सुट्टीत आपण नागपूरला जाल. तिथे दोघांपैकी कोणालाही ताप आला, मग तो दिवाळीत येवो की उन्हाळ्यात, तर दवाखान्यात गेल्याबरोबर ‘आम्ही एटापल्लीला राहतो, हिवतापासाठी रक्त आजच तपासा’ असे स्वतःहून सांगा. शहरातल्या डॉक्टरांच्या मनात आधी डेंग्यू येतो, आणि आपण कुठून आलात हे त्यांनी विचारलेच, असे नेहमी होत नाही.